ठेकेदाराचा विमा आणि आपली जबाबदारी

आपल्या धर्मग्रामांत चर्च, शाळा व घरांची बांधकामे चालू असतात. मुख्य ठेकेदार सेंट्रिंग, प्लास्टर, रंगकाम उपठेकेदारांकडे सोपवितो. परांचीवरून पडून एखादा मजूर दगावला, तर भरपाई कोणी द्यावी?

१९२३ च्या भरपाई कायद्याने उपठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मुख्य ठेकेदारावरही टाकली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे तत्त्व कायम ठेवले आहे. परंतु ठेकेदारापाशी पैसाच नसेल, तर मजुराच्या विधवेला निकालाचा कागद तेवढा मिळतो. म्हणून कामगार भरपाई विमा आवश्यक ठरतो. ठेकेदार दाखवितो ती ‘ऑल रिस्क’ पॉलिसी सर्वसाधारणपणे बांधकामाचे व त्रयस्थांचे नुकसान भरून देते. त्याच्या स्वतःच्या मजुरांना ती लागू होत नाही.

बांधकाम हा ज्यांचा व्यवसाय नाही, अशा घरमालकांपर्यंत वा धर्मग्रामांपर्यंत कायद्याची ही तरतूद सहसा पोहोचत नाही. सदसद्विवेकबुद्धी मात्र पोहोचते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात अपघातविमा हा कामगाराचा हक्क मानला आणि ‘अप्रत्यक्ष मालका’लाही जबाबदार धरले. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, ही अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील आज्ञाही हेच शिकविते.

म्हणून आम्ही सुचवितो की, करारात विम्याची अट असावी. उपठेकेदारांचे मजूर तिच्यात येतात की नाही आणि पॉलिसीची मुदत काम संपेपर्यंत आहे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी तपासावे. हप्त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. तो वगळून साधलेली बचत गरिबाच्या जिवावरची असते.