हमिंगबर्डची वाटी आणि गांधीलमाश्यांची पंगत

परवा आमच्या लेकीचा न्यू जर्सीहून फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर तिचं पहिलंच वाक्य होतं, "अब्बा, तो आला!" तो म्हणजे कोण, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "माशाअल्लाह!"

तो म्हणजे हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा पक्षी, वजन जेमतेम 3 ग्रॅम. उडताना सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवतो, त्यामुळे डोळ्यांना पंख दिसतच नाहीत, नुसती भुणभुण ऐकू येते. साडेतीनशेहून अधिक जातींचे हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्या कोकणातला शिंजीरही फुलातला मध पितो, पण त्याचं आणि याचं नातं नाही. न्यू जर्सीत येतो तो माणकासारख्या लाल गळ्याचा. एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेकडून येतो आणि सप्टेंबर सरता सरता परत जातो. या प्रवासात यातले कितीतरी पक्षी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे 800 किलोमीटर पाणी, आणि मध्ये टेकायला फांदी नाही. म्हणून निघण्याआधी तो खाऊन खाऊन आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतो.

अशा मुसाफिरासाठी तिथल्या घरांत साखरेच्या पाण्याचं भांडं टांगतात. त्याला फीडर म्हणतात. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघरामागच्या लाकडी ओट्यावर असाच एक फीडर टांगलेला होता. उलट्या बाटलीचा, खाली लाल बशी, बशीवर प्लास्टिकची पिवळी फुलं आणि फुलांच्या मधोमध चोच घालायला भोकं. फजरच्या नमाजनंतर चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचं, हा आमचा नेम झाला. सात वर्षांची नात मांडीवर येऊन बसायची आणि फेऱ्या मोजायची.

जुलैच्या शेवटी आम्ही एक शहाणपणा केला. पाणी चाखून पाहिलं तर अगदीच फिकं लागलं. नानी म्हणाली, "पाहुण्याला कुणी असं पाणचट सरबत देतं का?" तिथली रीत एक कप साखरेला चार कप पाणी अशी. आम्ही साखर दुप्पट केली. दोन दिवसांत मधमाश्या आल्या. त्यांच्यामागून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या आल्या. आठवड्याभरात बशीवर अशी पंगत बसली की हमिंगबर्ड यायचा, हातभर अंतरावर हवेत तरंगायचा आणि न पिताच निघून जायचा.

मग आम्ही दुसरा शहाणपणा केला. तेलाला माशी बसत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. भोकांभोवती खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. माश्या काही हटल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नात ओट्यावर धावत गेली आणि गांधीलमाशीने तिला मनगटावर दोनदा डंख केला. हात कोपरापर्यंत सुजला. सूज दोन दिवसांत उतरली, पण पोरगी ओट्यावर पाऊल टाकेना. जावई संतापून दुकानातून विषारी फवाऱ्याचा डबा घेऊन आले. म्हणाले, "अब्बा, आज सगळ्यांचा निकाल लावतो. नाहीतर तो फीडर तरी खाली उतरवा."

त्यांचं चुकत होतं असं नाही. पोटच्या पोरीला डंख झाला की बाप दुसरं काय म्हणणार? पण आमचा हात पुढे होईना. कुरआन शरीफमधल्या 16व्या सूरहचं नावच मधमाशीवरून, 'अन्-नहल'. ती सूरह लहानपणी पाठ करणाऱ्या नानीने मधमाश्यांवर विष मारलेलं बघत बसायचं? आणि तो फवारा ज्या बशीवर बसेल, त्याच बशीत हमिंगबर्ड चोच घालणार.

आमचा तोडगा कुंपणापलीकडे सापडला. शेजारच्या वयस्कर बाईंकडे मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या. फवाऱ्याचा डबा पाहताच त्या स्वतःच आल्या. "या माश्या बहुधा माझ्याच," त्या म्हणाल्या, "आणि विष घेऊन त्या माझ्याच पेटीत परततील. मला दोन आठवडे द्या." मग त्यांनी आम्हाला एकेक गोष्ट कारणासकट समजावली. ती इथे सांगतो, कारण आता तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत.

पहिली गोष्ट, गोडी. मधमाशीला घट्ट पाक आवडतो, हमिंगबर्डला फुलातल्या मधाइतकं पातळ पाणी पुरतं. आम्ही साखर वाढवली ती पक्ष्यासाठी, पण आमंत्रण गेलं माश्यांना. मधमाशीला चांगली जागा सापडली की ती पेटीत जाऊन नाचाच्या भाषेत बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं. म्हणजे एकीला बोलावलं की सगळी वस्ती आली. आम्ही पुन्हा एकास चारवर आलो आणि माश्या फार होत्या तेवढे दिवस एकास पाच केलं. पक्षी तेही पितो. साखर मात्र साधी पांढरीच हवी. मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते, गूळ किंवा तपकिरी साखरही नको. पाण्यात लाल रंग मिसळायचीही गरज नाही, बशी लाल असली की पुरे.

दुसरी गोष्ट, भांडं. उलटी बाटली उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते. थेंब थेंब गळतं, बशी चिकट होते आणि माश्यांना आयतं ताट मिळतं. बाटली अर्धी रिकामी असेल तर आत हवा जास्त, म्हणून गळतीही जास्त. त्याऐवजी झाकणाची पसरट बशी मिळते. तिची भोकं वर असतात आणि पाणी खाली. हमिंगबर्डची चोच लांब, जीभ त्याहून पुढे जाणारी. मधमाशीची जीभ 6-7 मिलिमीटरची, गांधीलमाशीची तर त्याहून आखूड. पाणी भोकापासून बोटाच्या अर्ध्या पेराहून जास्त खाली ठेवलं की पक्षी पोटभर पितो आणि माशी काठावर बसून राहते. म्हणून ही बशी काठोकाठ भरायची नाही. आमच्या सगळ्या उपायांत हाच सर्वांत गुणकारी ठरला.

तिसरी गोष्ट, रंग. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पिवळा चांगला दिसतो. म्हणजे पक्ष्याला बोलवायचा रंग लाल, आणि ती शोभेची पिवळी फुलं माश्यांसाठी लावलेली पाटी! नवी बशी घेताना आम्ही पिवळा ठिपकाही नसलेली घेतली.

चौथी गोष्ट, जागा. माशी जागा पक्की लक्षात ठेवते आणि तिथेच येत राहते. नवी बशी आम्ही ओट्यावरून काढून अंगणाच्या टोकाला, झाडाच्या सावलीत टांगली. त्याआधी एक दिवस काहीच टांगलं नाही. माश्या रिकाम्या खुंटीभोवती घिरट्या घालून कंटाळल्या. पक्षी मात्र तासाभरात नव्या जागी हजर. सावलीत पाणीही कमी आंबतं. कडक उन्हाळ्यात ते एक-दोन दिवसांनी बदलायचं आणि भांडं गरम पाण्याने व व्हिनेगरने धुऊन खळखळून काढायचं. बाहेरच्या बाजूला सांडलेला गोड थेंब ओल्या फडक्याने पुसायचा. आळस केला की माश्या परत आल्याच म्हणून समजा.

मुंग्यांचा उपाय मात्र आम्हीच बाईंना सांगितला. आपल्याकडे जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, आठवतं? तीच युक्ती उलटी करायची. बशीच्या वर, टांगायच्या तारेला पाण्याची छोटी वाटी अडकवायची. मुंगी तारेवरून खाली येते आणि पाण्यापाशी थांबते. बाई हसल्या. त्यांच्याकडच्या दुकानात हीच वाटी तयार मिळते म्हणे!

आता आमच्या तेलाविषयी. ते ऐकून बाईंचा चेहरा उतरला. तेल पक्ष्याच्या पिसांना लागलं की त्याला ते चोचीने काढता येत नाही. पिसं चिकटतात, आणि ज्याला सेकंदाला पन्नास वेळा पंख हलवायचे, त्याचं पुढे काय होणार? खोबरेल असो, तूप असो की व्हॅसलिन, फीडरला किंवा तारेला काहीच लावायचं नाही. आम्ही त्याच संध्याकाळी जुनं भांडं साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुतलं. ज्याला जेवायला बोलावलं, त्याच्याच वाटेत आम्ही सापळा लावला होता, हे मनाला लागलं. कीटकनाशकाचंही तेच. हमिंगबर्ड नुसत्या साखरेवर जगत नाही. बारीक किडे आणि कोळी हेही त्याचं अन्न, आणि पिल्लांना तर तेच भरवायचं असतं. फवारा मारला की ते अन्न जातं आणि विष तेवढं राहतं.

माश्यांना दूर वेगळी बशी मांडून त्यात जास्त गोड पाणी ठेवावं, असंही सांगतात. आसपास पेट्या नसतील तर तो उपाय चालतो. बाईंनी मात्र आम्हाला अडवलं. उघड्या गोड पाण्यावर वेगवेगळ्या पेट्यांतल्या माश्या एकत्र येतात, मारामाऱ्या होतात, रोग पसरतात. "त्यांना साधं पाणीच द्या," त्या म्हणाल्या. आम्ही परातीत खडे पसरून वर येतील एवढं पाणी ओतलं. ऑगस्टच्या उन्हात मधमाश्यांनाही तहान लागते. त्या खड्यांवर उतरून पाणी प्यायच्या. ही परात नात रोज स्वतः भरू लागली. आधी काचेआडून बघायची, मग दारातून, मग चार पावलांवरून.

गांधीलमाशीचं प्रकरण जरा वेगळं. तिच्या पोळ्यात उन्हाळ्याच्या शेवटी हजारो माश्या असतात. तोवर त्या अळ्या-किडे मारून पिल्लांना भरवतात आणि पिल्लांकडून त्यांना गोड रस मिळतो. पिल्लं कमी झाली की तो रसही आटतो, आणि मग त्या आपल्या सरबतावर, फळांवर, केराच्या डब्यावर येतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डब्याचं झाकण घट्ट ठेवलं, झाडाखाली पडलेली फळं उचलली आणि ओट्यावर उष्टं ठेवलं नाही. पोळं दाराजवळ किंवा पोरांच्या खेळायच्या जागी असेल तर स्वतः काठी घेऊन जाऊ नका, जाणकार माणूस बोलवा. तिथे माणसाचा जीव आधी.

डंखाविषयी दोन शब्द. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, ती लगेच नखाने खरवडून काढावी. गांधीलमाशीची अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसू शकते. जागा साबणाने धुऊन बर्फ लावावा. पण श्वास अडकू लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर पित्त उठलं किंवा भोवळ आली, तर हळदीच्या लेपात वेळ न घालवता तडक हॉस्पिटल गाठावं.

दोन आठवड्यांत सगळ्या माश्या गेल्या का? नाही. चार-दोन शेवटपर्यंत काठावर बसायच्या. पण पंगत उठली, आणि हमिंगबर्डला चोच घालायला जागा झाली. डबा जावयांनी जसा आणला तसा परत केला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आमच्या परतीच्या आदल्या सकाळी, एक मादी बशीवर आली. पोट गोल झालेलं, निघायची तयारी झालेली. नात आमचं बोट धरून ओट्यावर उभी होती. हळूच म्हणाली, "नाना, समुद्र पार करेल ना ती?" आम्ही म्हणालो, "इन्शाअल्लाह."

परवाच्या फोनवर शेवटी नातच बोलली. बशी तिनेच धुतली होती. साखर किती घातली, हे विचारण्याआधीच तिने सांगितलं, "एकास चार. आणि नाना, नानीला सांगा, जास्त गोड नाही करायचं!"