ग्रुपसेट बदलू की नको?

होस्टेलच्या पार्किंगमध्ये हल्ली स्प्लेंडर आणि पल्सरच्या गर्दीत चार-सहा रोड बाईक उभ्या दिसतात. वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या. बघून बरं वाटतं. पण सायकल आली की सहा महिन्यांत तिच्यामागून एक रोग येतो. त्याचं नाव अपग्रेड! रात्री अकराला मेसच्या कट्ट्यावर चर्चा सुरू होते, "क्लारिस काढून सोरा टाकू का? की थोडे पैसे साठवून डायरेक्ट १०५?"

ज्यांना हे मंत्र कळत नाहीत त्यांच्यासाठी (यात आपले बरेचसे सरही आले) थोडक्यात सांगतो. ग्रुपसेट म्हणजे गिअर बदलायचे शिफ्टर, चेन इकडून तिकडे ढकलणारे डिरेल्युर, क्रँक, मागची कॅसेट, चेन आणि ब्रेक असा सगळा संच. शिमानोची उतरंड खालून वर अशी : टूर्नी, क्लारिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. टूर्नीला मागे ७ चकत्या, क्लारिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०. १०५ आधी ११ ची होती, आता १२ ची झाली. आपल्या बजेटातल्या सायकलींवर टूर्नी नाहीतर क्लारिस असतं.

माझं मत स्पष्ट आहे. चालू ग्रुपसेट काढून वरचा बसवू नका. का, ते आकड्यांतच बघू. शेवटी आपण इंजिनिअरिंगवाले!

पहिला मुद्दा वजनाचा. क्लारिस आणि १०५ यांच्यात फरक साधारण अर्ध्या किलोचा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा. अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्के. वीस मिनिटांच्या घाटात वाचले सात-आठ सेकंद. सकाळी निघताना पाण्याची बाटली अर्धी भरली तर तेवढेच वाचतात, आणि तेही फुकटात.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. संगमनेरहून पुण्याकडे निघालं की चंदनापुरी घाट लागतो. अकोले-राजूरवरून भंडारदऱ्याला गेलात तर चढ संपता संपत नाही. नगरहून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला इमामपूर घाट आहेच. या चढांवर गुडघे बोलायला लागले की पोरं म्हणतात, "गिअर हलके आहेत माझे." अरे, पण पायावरचा भार ठरतो दातांच्या गुणोत्तरावर! पुढे ३४ दात, मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची, चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाते. पुढे ३४ आणि मागे २८ तेच ठेवून तुम्ही ड्युरा-एस जरी बसवलं तरी ती २.५५ मीटरच जाणार आणि पाय तेवढेच दुखणार. त्याऐवजी मागे ३२ दातांची चकती असलेली ८ स्पीडचीच कॅसेट टाका. आता एका फेऱ्यात २.२३ मीटर. चढावर दर फेऱ्याला साडेबारा टक्के काम कमी! फक्त आपल्या डिरेल्युरला जास्तीत जास्त किती दात झेपतात ते आधी बघून घ्या, आणि चेनची लांबीही तपासा.

तिसरी तक्रार असते, "गिअर नीट पडत नाही, खडखडतो." दहातल्या आठ वेळा गुन्हेगार असते ती गिअरची वायर आणि तिचं आवरण. आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यातला चिखल, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारी धूळ हे सगळं त्या आवरणात शिरतं. वायर अडखळते आणि शिव्या बिचाऱ्या क्लारिसला! वायर आणि आवरण बदललं की तोच डिरेल्युर टकाटक चालतो. हे काम गावातला कोणताही जाणकार मिस्त्री करतो.

नंतर चेन. चेनची खेप अर्ध्या इंचाची असते. पिनच्या मध्यापासून २४ जोड मोजले की नवी चेन बरोबर १२ इंच भरते. १२ इंच आणि वर एक-सोळांश भरली तर चेन बदला. एक-अष्टमांश भरली तर बहुतेक कॅसेटही गेली, कारण ताणलेल्या चेनने तिचे दात खाल्लेले असतात. त्यावर नवी चेन टाकली तर ती घसरत बसते.

आता समजा, सगळं ऐकूनही हट्टाने वरचा सेट घेतला. तो बसेल का? ८, ९ आणि १० स्पीडच्या कॅसेट एकाच मापाच्या हबवर बसतात. रोडच्या ११ स्पीडला हब १.८५ मि.मी. रुंद लागतो, म्हणजे मागचं चाकही बदलायचं. टूर्नीच्या ७ स्पीडच्या कित्येक सायकलींना तर आट्यांचं फ्रीव्हील असतं, तिथे ८ वर जायलाच हब बदलावा लागतो. शिवाय २०२५ मध्ये शिमानोने वाकड्या हँडलसाठी क्यूज नावाची नवी मालिका जाहीर केली. क्लारिस, सोरा, टियाग्राची जागा हळूहळू ती घेणार. तिचे डिरेल्युर जुन्या शिफ्टरशी जुळत नाहीत. म्हणजे मेसच्या कित्येक महिन्यांचे पैसे आज सोरात घालायचे, आणि उद्या सुट्ट्या भागांसाठी पुण्याच्या दुकानांत फोन लावत बसायचं. ८ स्पीडची चेन मात्र तालुक्याला मिळते.

अपवाद आहेत, नाही असं नाही. टूर्नीच्या शिफ्टरला अंगठ्याने दाबायचं बटण असतं. हँडलच्या खालच्या भागाला धरलं की अंगठा तिथे पोचत नाही. अशा वेळी शिफ्टर बदलायची इच्छा मी समजू शकतो. मुंबई-पुणे शर्यतीसारख्या स्पर्धेत उतरून बोरघाट चढणाऱ्याला दोन गिअरमधलं अंतर कमी हवं असतं, त्याचाही प्रश्न वेगळा. पण आपल्यातले बहुतेक जण स्वप्न बघतात ते २०० किलोमीटरच्या बीआरएमचं. त्याला वेळ मिळतो साडेतेरा तास. म्हणजे ताशी पंधराच्याही आत सरासरी, थांबे धरून. हे क्लारिसला सहज झेपतं. आपल्या मांड्यांना झेपतं का, ते बघा.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी ब्रेकच्या रबरांवर करा. स्वस्त सायकलींची रबरं कडक असतात. चंदनापुरी उतरताना पुढे अचानक ट्रॉली आडवी आली की मागे ८ चकत्या आहेत की १२, हे कुणी विचारत नाही. त्यानंतर चांगले टायर, मग वायर, चेन, कॅसेट. हे सगळं मिळूनही पूर्ण संचापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

चेन मोजायला स्टीलची पट्टी वर्कशॉपच्या फिटिंग सेक्शनमध्ये मिळते. वहीत सही केली की देतात. फक्त ग्रीस पुसून परत करा, नाहीतर पुढच्याला मिळायची नाही.