किल्लारी ते हैदराबाद, साठ सेकंद

मंडळी, या वेळी मोबाईल-ॲपचं नाही, जमिनीचं गणित. निमित्त मामांचं. उमरग्याला घरावर मजला चढवायचं चाललंय आणि नेमका अमुक तारखेला भूकंप येणार असा मेसेज फिरला. मामांचा फोन, "तू कॉम्प्युटरवाला, बघून सांग. काम थांबवू का?"

तारीख कुठलाच कॉम्प्युटर सांगत नाही. लाटा कशा येतील, एवढं मात्र काढता येतं.

किल्लारी इथून सरळ रेषेत साधारण 210 किलोमीटर. खडकातून 'पी' लाट सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते, म्हणजे 35 सेकंदांत हैदराबादला. आडवी हलवणारी 'एस' लाट साडेतीन किलोमीटरने येते, तिला मिनिट लागतं. हा झाला तोंडी हिशोब. पण किल्लारीखाली सुमारे 340 मीटर बेसाल्ट आहे (आपल्या उप्पल रोडवरच्या एनजीआरआयने तिथे बोअर घेऊन मोजलाय), त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक, जो आपल्याकडे उघड्यावर दिसतो. थर बदलला की लाट वळते, परतते. मऊ मातीत मंदावते आणि मोठी होते.

म्हणून जमिनीचे ठोकळे पाडायचे. 250 किलोमीटर लांब, 100 रुंद, 40 खोल. ठोकळा 100 मीटरचा धरला तरी शंभर कोटी होतात! प्रत्येकाला घनता आणि दोन्ही लाटांचे वेग द्यायचे. शेजाऱ्यांनी किती ढकललं, त्यावरून हा किती सरकला, मग वेळेचं पुढचं पाऊल. एका पावलात लाटेने ठोकळा ओलांडता कामा नये, नाहीतर आकडे भलतेच फुगतात. बारकाईसाठी ठोकळ्याची बाजू निम्मी केली, तर ठोकळे आठपट, पावलं दुप्पट, काम सोळापट. तरी मशीन भाड्याने मिळतं. आतला खडक नेमका कसा आहे, हे मिळत नाही. नोंदलेल्या भूकंपांशी ताडून ते हळूहळू सुधारत न्यावं लागतं.

1993 मध्ये किल्लारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. 2002 च्या नकाशात झोन तीन. माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. मामांचा खालचा मजला तसाच आहे, आजोबांच्या वेळचा.

"मामा, काम थांबवा," मी म्हटलं, "पण त्या तारखेसाठी नाही." स्ट्रक्चरल इंजिनिअर शनिवारी भिंती बघायला येणार आहेत. मामी खूश, मामा अजून फुगलेलेच.