सुगीतील ओल

ज्येष्ठात ज्या ओलीसाठी आपण आकाशाकडे डोळे लावून बसतो, तीच ओल आश्विनात खळ्यावर आली की हातातोंडाशी आलेला घास हिरावून नेते. गेल्या सुगीत ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. रविवारची मिस्सा आटोपून मंडळी पांगली, तरी एक वयस्क शेतकरी बंधू चर्चच्या पायरीवर खिन्न बसून होते. विचारपूस केली तेव्हा कळले की, दहा क्विंटल सोयाबीन त्यांनी मळले त्याच दिवशी बाजारात नेले. व्यापाऱ्याने मूठभर दाणे दाबून पाहिले, "माल ओला आहे" म्हटले आणि क्विंटलमागे सातशे रुपये तोडले. "फादर, वाळवले असते तर वजन घटले असते, मग लाभ तो कसला?" असे त्यांनी आम्हांस विचारले. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. बैलहोंगल, हुक्केरी, चिकोडी ह्या बाजूंच्या पुष्कळ घरांत हाच प्रश्न यंदाही उभा राहणार, म्हणून आज ते देत आहोत.

उत्तर साध्या हिशेबात आहे. दहा क्विंटल सोयाबीनात शेकडा १८ ओल असेल, तर त्यात १८० किलो पाणी व ८२० किलो कोरडा ऐवज असतो. ओल १२ वर आणली की वजन सुमारे ९३२ किलो भरते. घट होते ती ६८ किलोंची. वाळल्या मालाचा भाव ४,५०० रुपये धरला, तर ओल्या मालाला सुमारे ४,१९० मिळणे न्याय्य होय. म्हणजे तीनशे-सव्वातीनशेची तूट रास्त, सातशेची नव्हे. त्या बंधूंचे दहा क्विंटलांमागे जवळजवळ ३,९०० रुपये गेले. दोन-तीन दिवसांच्या उन्हाची ही किंमत!

सरकारी खरेदीतही सोयाबीनाची ओल शेकडा १२ च्या आत लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ पर्यंत वाढविली होती. परंतु अशा सवलतीच्या भरवशावर कोणी माल ओला ठेवू नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये व मक्याचा २,४०० रुपये ठरला. तो पदरात पडावयाचा तर आधी दाणा वाळला पाहिजे.

सोयाबीनाची पाने गळाली व शेंगा तपकिरी झाल्या की कापणी लांबवू नये. कडक उन्हात शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. कापलेले पीक ओले असता त्याचा ढीग घालू नये. ढीग आतून तापतो व दाणा काळवंडतो. बियाणे राखावयाचे असेल, तर मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवावे, कारण ह्या दाण्याची साल नाजूक असते आणि तडा गेलेले बी उगवत नाही. पोती उघड्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावी, व थप्पी चार-पाच पोत्यांहून उंच रचू नये.

मक्याची गोष्ट थोडी निराळी. दाणा सोडवून पाहता त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, म्हणजे तो पूर्ण भरला असे समजावे. तथापि तेव्हाही त्यात शेकडा ३० ते ३५ ओल असते. म्हणून कणसे सोलून चांगली वाळवावी, मगच दाणे काढावे. ओल्या मक्यावर हिरवट बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. ते शिजविल्यानेही पुरते जात नाही, आणि दुभत्या गाईने खाल्ले तर दुधात उतरते. "बुरशीचा मका माणसाला नको, गुरांना चालेल" असे म्हणणाऱ्यांनी ते दूध कोणाच्या पेल्यात जाते ह्याचा विचार करावा.

ओल पारखण्यास यंत्र नसले तरी अडत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे व चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर ओल शेकडा १५ हून अधिक आहे. न चिकटले, तरी साठवणीपूर्वी आणखी एक-दोन उन्हे द्यावी.

चाऱ्याच्या बाबतीत मात्र हीच ओल आपली मैत्रीण होते. दाणा चिकात असता हिरवा मका कापून, त्याची इंचभर कुट्टी करून, हवा राहणार नाही अशी दाबून झाकली, की सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो व उन्हाळ्यात गुरांना तारतो. त्यासाठी कुट्टीत शेकडा ६५ ते ७० ओल हवी. मुठीत दाबता गोळा टिकला, पण पाणी गळले नाही, तर ती बेताची आहे. दाण्यासाठी काढलेल्या मक्याची ताटे मात्र पुरती वाळवूनच त्यांची गंजी रचावी.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाची दुसरी बाजू. वाळवावे कोठे? घरापुढे जागा नाही, आणि डांबरी सडकेवर दाणे पसरणे म्हणजे वाटसरूंच्या जिवाशी खेळ. म्हणून चर्चपुढील फरसबंद अंगण ह्या सुगीत सोमवार ते शनिवार सर्व गावकऱ्यांना वाळवणासाठी मोकळे राहील. ताडपत्री ज्याची त्याने आणावी. नसेल त्याला शेजाऱ्याने द्यावी. पहिली जागा आम्ही त्याच बंधूंसाठी राखून ठेविली आहे.