आपल्याच रक्ताचं इंजेक्शन

गेल्या महिन्याभरात तीन नातेवाइकांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच, "ते पीआरपी घेतलंस का?" अमेरिकेतला भाचा तर पैसे भरायलाही तयार आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझं दुखणं चार वर्षांचं. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी आणि कमरेचं हाड जिथे जुळतात, तो डावीकडचा सांधा. खुर्चीतून उठताना आणि कुशीवर वळताना जीव जातो. (चौतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले म्हणून झालं, असं सगळे म्हणतात. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत!)

पीआरपी म्हणजे काय, तर दंडातून आपलंच रक्त काढतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो. त्यातला रक्तपट्टिकांनी, म्हणजे प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर बघत सांध्यात टोचतात. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे घरोघरी पोचलाच आहे. जखम भरून यायला मदत करणारी द्रव्यं त्यांच्यातून बाहेर पडतात, हे खरंच. पण झिजलेला म्हातारा सांधा म्हणजे काही ताजी जखम नव्हे.

आपल्याला भुरळ पडते ती "आपलंच रक्त, मग अपाय कसला?" या वाक्याची. अहो, मुतखडाही आपलाच असतो की! अपाय कमी, हे बहुतांशी बरोबर. टोचल्यावर काही दिवस ठणका वाढतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो, इतकंच. पण अपाय नाही म्हणजे उपाय आहे, असं कुठल्या व्याकरणात बसतं?

या सांध्यावर आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केलेला प्रयोग 2017 साली छापून आला. रुग्ण 40. निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना पीआरपी. तीन महिन्यांनी स्टिरॉइडचा गुण 25 टक्क्यांवर आला होता, पीआरपीचा 90 टक्के होता. वाचून मी हरखलेच. पण प्रत्येक गटात जेमतेम वीस माणसं, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेला गट नव्हताच. तो असला की काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. 2021 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेल्या त्या प्रयोगात गुडघे झिजलेले 288 लोक होते. कोणाला पीआरपी, कोणाला मिठाचं पाणी, हे त्यांना कळू दिलं नव्हतं. वर्षाने दहापैकी मोजलेली वेदना पीआरपीने सरासरी 2.1 ने कमी झाली, आणि मिठाच्या पाण्याने 1.8 ने!

गुडघा म्हणजे कंबर नव्हे, मान्य. पण हे आकडे पेशंटला पैसे भरण्याआधी सांगायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. मी गेले होते तिथे डॉक्टरांनी कंबर पुरती चाचपायच्या आधीच तीन इंजेक्शनांच्या पॅकेजचा कागद हातात आला. मी दोनच प्रश्न विचारले. दुखणं याच सांध्याचं आहे कशावरून? (सांध्यात बधिर करणारं औषध टोचून ते तपासता येतं.) आणि पहिल्याने फरक पडला नाही तर? दुसऱ्याचं उत्तर लगेच मिळालं, "मग दुसरं घ्यायचं."

धाकट्या दिरांनी गुडघ्यात घेतलं आणि ते आता पर्वती चढतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. चालतायत ना, चालू देत.

माझं सध्या फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांवर चाललंय. उताणं झोपून कंबर उचलायची, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कंटाळवाणं आहे, दुखणं गेलेलं नाही, पण मधे न उठता तासभर कीर्तन ऐकता येतं. भाच्याला सांगितलंय, पैसे राहू देत. याच सांध्यावर मिठाच्या पाण्याशी तुलना केलेला चांगला मोठा प्रयोग हाती आला, की मीच फोन करीन.