पुन्हा पोहायला उतरताय? आधी खांदे सांभाळा



उन्हाळी बॅच सुरू होत आहेत. वर्षा-दोन वर्षांच्या खंडानंतर, काहीजण तर कॉलेज सुटल्यावर प्रथमच, पुन्हा तलावावर येतील. त्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: पहिला महिना मीटर मोजूनच पोहा.

पोहणं एकदा आलं की विसरत नाही, हे खरं. पण घात तिथेच होतो. पहिल्याच दिवशी हात आपसूक चालतात, थोड्याच दिवसांत दमही टिकू लागतो आणि माणूस जुन्या हिशेबाने किलोमीटर मारायला जातो. खांद्याच्या कंडरांना मात्र पूर्वीची ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० फेऱ्या. फेरीला २० हात धरले, तरी प्रत्येक खांदा ४०० वेळा फिरतो. खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तीत नीट धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात. ते थकले की गोळ्याचा तोल बिघडतो, कंडरांवर ताण येतो आणि खांदा ठणकू लागतो.

म्हणून एवढं कराच:

• पाण्यात उतरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं काठावर अंग मोकळं करा.
• सुरुवात ३०० मीटरने करा. दर ५० मीटरला थांबा, एक दिवसाआड पोहा आणि अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवा.
• फ्रीस्टाइलमध्ये अंगठा आधी पाण्यात खुपसू नका. हात डोक्यासमोरून दुसऱ्या बाजूला जाऊ देऊ नका. प्रत्येक हाताबरोबर अंग कुशीवर वळू द्या आणि दोन्ही बाजूंनी श्वास घ्या.
• हाताची पॅडल पहिला महिना बॅगेतच राहू द्या. खांदा पूर्वी दुखलेला असेल, तर हात लांबवून किकबोर्डही धरू नका.
• घरी रबरी पट्ट्याने खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम करा.

खांद्यात टोचलं, तर त्याच फेरीला थांबा. वेदनाशामक गोळी घेऊन पोहू नका. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हात वर जात नसेल किंवा मुंग्या येत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यांनी तर अंगावर काढूच नये. दुखण्यासोबत छातीत दडपण किंवा दरदरून घाम आला, तर तो खांद्याचा विकार समजू नका. तातडीने रुग्णालय गाठा.

प्रशिक्षकांनाही विनंती आहे. परतलेल्या माणसाला ‘किती वर्षांनी आलात?’ हे आधी विचारा आणि पहिल्याच आठवड्यात त्याला वेगवान लेनमध्ये ढकलू नका.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी जलतरण स्पर्धा साधारण डिसेंबरात असते. ती मनात असली, तरी तयारीला भरपूर महिने हाताशी आहेत. दम शिल्लक असला तरी आज ३०० मीटरवर बाहेर या, आणि दुखरा खांदा घेऊन पाण्यात उतरू नका.