तिसरा प्रश्न : बाप कुठे आहे?



'स्त्रीभ्रूणहत्या' हा निबंध आपण सातवी-आठवीला वर्षानुवर्षे देत आलोय. फाशीचा विषय तर द्यावाही लागत नाही. कोपर्डीची घटना आपल्याच जिल्ह्यातली, जुलै २०१६ ची. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. तेव्हापासून सुप्यातलं लहान पोरगंसुद्धा 'फाशीच पाहिजे' असं ठासून सांगतं. दोन्ही विषयांवर मुले आवेशाने बोलतात. पण बापाची जबाबदारी काय, हा तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं, की तो आधी विचारायला हवा.

हे तिन्ही प्रश्न एकत्र आले ते १८८१ साली. सुरतेजवळच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला दिवस गेले. लोकलाजेपोटी तिने जन्मलेलं बाळ मारलं. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात ती कमी होऊन आधी काळ्या पाण्याची आणि नंतर पाच वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांनाच नावं ठेवली. त्या बाळाच्या बापाला मात्र कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही. याच संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पाप दोघांचं असताना दोष एकटीलाच का, हा त्यांचा सवाल होता.

त्याआधी १८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अडलेल्या विधवेने यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं. 'कडक शिक्षा करा' एवढं म्हणून ते थांबले नाहीत. बालहत्येची वेळच येऊ नये म्हणून त्यांनी घराचं दार उघडलं. तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. रक्ताचा बाप निघून गेला आणि जोतिबा बाप झाले. बापपण म्हणजे नाव लावणं नव्हे, जबाबदारी अंगावर घेणं, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आज कायदा बराच पुढे आला आहे. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत वीस आठवडे आहे, काही स्त्रियांसाठी चोवीस. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. गुन्हा आहे तो गर्भलिंग तपासणीचा. आपल्या निबंधात या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि मुलींच्या मनात बसतं की गर्भपात म्हणजे गुन्हाच. मग अडचणीतली बाई सरकारी दवाखान्यात जायला घाबरते आणि भलतीकडे जाते. पोटगीच्या कायद्यातही मूल औरस असो की अनौरस, ऐपत असलेल्या बापाला त्याला पोसावंच लागतं. गरोदर बाईला झालेली फाशी आता जन्मठेपेत बदलते. विजयालक्ष्मीच्या काळाशी ताडून पाहा.

पण मन तेवढं पुढे आलंय का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २००१ ला ९१३. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे विज्ञान सांगतं. तरीही 'पोरीच होतात' हा टोमणा सुनेलाच बसतो. निबंधातही 'निर्दयी माता' असते, निर्दयी बाप क्वचितच.

कुणी म्हणेल, प्राथमिकच्या मुलांना हे कशाला? मुलं टीव्हीवर, मोबाईलवर सगळं ऐकतच असतात. कुणी म्हणेल, फाशीची दहशत हवीच. फाशी असावी की नसावी यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात, मुलांनी दोन्ही बाजू मांडाव्यात. पण फाशी गुन्हा घडून गेल्यावर येते. मुलगा बहिणीशी, वर्गातल्या मुलींशी कसा बोलतो, हे त्याआधी कितीतरी वर्षं घरात दिसत असतं. ते पाहणं आणि वेळीच टोकणं हे एकट्या आईचं काम नाही. पोरगं चुकलं की 'आईनं लाडावलं' म्हणून मोकळं होता येणार नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. एक, असा निबंध देताना 'या प्रसंगात वडिलांचं कर्तव्य काय?' हा मुद्दा फळ्यावर आपणच लिहून द्यावा. दोन, पालक सभा बहुधा मातांचीच भरते. एमआयडीसीतल्या पाळ्या बघून वर्षातून दोनदा तरी ती वडिलांसाठी ठेवू या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलंय, ते चांगलंच झालं. बापाचं नाव तर कायमच होतं. आता सभेच्या हजेरीपत्रकावर त्याची सहीही दिसू दे.